ऐरण चार बोटं वर

पेरणीला दोन महिने राहिले की लोहाराच्या दारात नांगराच्या फाळांची रांग लागायची. माणसं थांबत नसत. फाळ भिंतीला टेकवून, "बघून ठेव रे" म्हणत पुढे कामाला जात. अदलाबदल होऊ नये म्हणून कुणी फाळाला चिंधी बांधे, कुणी तारेचा वेढा मारे. लोहाराला त्या खुणांची गरज पडत नसे. झिजलेलं टोक अंगठ्यानं चाचपलं की हा माळावरच्या खडकाळ रानातला, हा तळ्याकाठच्या चिकणमातीतला, आणि हा आळशी माणसाचा, हे त्याला समजे. "आळशाचा फाळ झिजत नाही, गंजतो," असं तो म्हणायचा, आणि ज्याचा फाळ असेल त्याच्या तोंडावर म्हणायचा.

त्या सकाळी सतरा फाळ होते. भट्टी फुलली होती. बायको भात्याचं चाक फिरवत होती, थोरला मुलगा घण घेऊन समोर उभा होता. लोहारानं डाव्या हातातल्या सांडशीनं लाल फाळ ऐरणीवर धरला आणि उजव्या हातातल्या हातोड्यानं घाव कुठे हवा ते टिचकी मारून दाखवलं. थोरल्यानं घण घातला. टिचकी, घण. टिचकी, घण. मग टिचकी आलीच नाही. हातोडा लोहाराच्या पायाशी पडला होता.

"घामानं निसटला," लोहार म्हणाला, म्हणजे म्हणायला गेला. तोंडातून निघालं ते भलतंच. हातोडा उचलायला त्यानं हात पुढे केला तर हात गेलाच नाही. दुसऱ्या कुणाचा तरी असावा तसा तो अंगाला लटकून राहिला. बायकोला नवऱ्याचं तोंड दिसलं, उजवीकडे ओघळलेलं, आणि ती अशी ओरडली की समोरच्या घरातली माणसं हातातलं टाकून धावत आली.

त्याला उचलून जीपमध्ये घातलं. ऐरणीवरचा फाळ तसाच काळा पडत गेला.

मोठ्या दवाखान्यात अकरा दिवस काढून लोहार परत आला तेव्हा दोघांनी त्याला जीपमधून उतरवलं, पोतं उतरवतात तसं. उजवा पाय जमिनीवर ओढला जात होता. उजवा हात गळ्यात बांधला होता. बोलणं फुटत होतं, पण जिभेवर दगड ठेवल्यासारखं. बरोबर धाकटी मुलगी होती. शहरातल्या एका दवाखान्यात ती नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं. सहा आठवड्यांची बिनपगारी रजा टाकून आली होती.

धाकटीचं शिक्षण हा त्या घरातला दुखरा दात होता. जीभ सारखी तिकडेच जायची, बोलायचं मात्र कुणी नाही. सरकारी कॉलेजात तिची जागा चार गुणांनी हुकली होती. मग हमरस्त्यावर, टायरच्या दुकानाशेजारी एक तीनमजली खाजगी कॉलेज होतं, तिथे नाव घातलं. त्यासाठी लोहारानं घरामागची मोकळी जागा विकली. त्या जागेवर थोरल्याला वेल्डिंगचं यंत्र टाकायचं होतं. थोरला तेव्हा एक शब्द बोलला नाही. त्यानं घण उचलला आणि कामाला लागला, तो आजतागायत.

गावानं मात्र बोलायचं ते बोलून घेतलं. खाजगी म्हणजे काय, पैसे टाका, कागद घ्या. आणि शिकून व्हायचं काय, तर फिजिओथेरपिस्ट. लोहाराला तो शब्द कधी नीट म्हणता आला नव्हता, जीभ धड होती तेव्हासुद्धा. "डॉक्टरकी शिकते," असं तो सांगायचा. कुणी फारच खोदून विचारलं तर "हाडांची," म्हणून वेळ मारून न्यायचा. आणि मनातल्या मनात त्यालाही वाटायचं, की आपण काहीतरी अर्धवटच विकत घेतलंय.

दुसऱ्याच दिवसापासून धाकटीनं ओसरीवर सतरंजी घातली. लोहाराला आडवं करून ती त्याचा खांदा, कोपर, मनगट, एकेक बोट हलवायची. एका अंगावरून दुसऱ्या अंगावर वळायला लावायची. उठवून बसवायची, बसता बसता तो उजवीकडे कलला की सावरायची नाही.

"धरू नकोस त्यांना, आई."

"अगं पडतील की!"

"मी आहे. पडायला लागले की मेंदूला कळायला हवं, की आपण पडतोय."

तळ्याकाठी ज्याची दोन शेतं होती त्याला सगळे तळेवाला म्हणत. त्याला प्रत्येक गोष्टीवर मत असे. फाळाची चौकशी करायला म्हणून तो आला आणि ओसरीच्या पायरीवर उभा राहून बघू लागला. धाकटी बापाचा दंड आपल्या मांडीवर घेऊन तळव्यानं दाबत होती.

"चोळून देतेय वाटतं?" तळेवाला म्हणाला. "बरंय, बरंय. आमच्या आळीतली म्हातारी पण झकास चोळते. ती काही कुठल्या कॉलेजात गेली नव्हती." आणि आपल्याच बोलण्यावर खूष होऊन हसला. "एवढी वर्षं शिकून काय, तर चोळाडॉक्टर!"

लोहारानं तोंड भिंतीकडे फिरवलं. कानाच्या पाळ्या तापल्याचं त्याला कळत होतं. तेवढं मात्र दोन्ही बाजूंना सारखं कळत होतं.

धाकटीनं मान वर केली नाही. "काका, फाळाला अजून चार दिवस लागतील," ती म्हणाली आणि पुढचा आकडा मोजला. "सात. बाबा, आता तुम्ही ढकला. आठ."

नाव चिकटायला वेळ लागत नाही. संध्याकाळपर्यंत पाणवठ्यावर बायका 'चोळाडॉक्टर' म्हणून हसत होत्या.

मग वाटाण्यांचा व्यायाम आला. एका वाटीतले वाटाणे उजव्या हातानं एकेक करून दुसऱ्या वाटीत टाकायचे. लोहारानं वाटीकडे बघितलं, मुलीकडे बघितलं. तीस-पस्तीस वर्षं ज्या हातानं लोखंड वाकवलं, त्या हाताला आता वाटाणा उचलेना. पहिला निसटला. दुसरा निसटला. तिसऱ्याला बोटं लागली, पण बोटं मिटलीच नाहीत. लोहारानं डाव्या हातानं वाटी भिरकावली. वाटाणे अंगणभर झाले. कोंबड्या धावल्या.

धाकटीनं कोंबड्या हाकलल्या, सगळे वाटाणे वेचले, पुसले, परत वाटीत घातले.

"परत. आता उचलू नका. नुसती बोटं उघडा."

"मला... शिकवू... नको."

"पहिल्या घावात फाळ होतो का, बाबा?"

बोटं उघडायला त्याला अर्धी सकाळ लागली, आणि ती त्यानं उघडली.

या सगळ्याहून वाईट होती ती पायजम्याची नाडी. एका हातानं नाडी सुटत नाही आणि बांधता तर मुळीच येत नाही. दर वेळी बायकोला हाक मारावी लागे, आणि एकदा हाक मारेपर्यंत उशीर झाला. त्या दिवशी लोहार दुपारभर कुणाशी बोलला नाही. दुसऱ्या सकाळी त्याच्या चारही पायजम्यांना नाडीच्या जागी इलॅस्टिक घातलेलं होतं. कुणी घातलं ते कुणी बोललं नाही. लोहाराला राग आला, आणि सुटल्यासारखंही वाटलं, आणि सुटल्यासारखं वाटतंय याचा पुन्हा राग आला.

भट्टीवर थोरला एकटा पडला होता. घण घालायला तो कुणाला ऐकायचा नाही. अडलं होतं ते पाण्यापाशी. लोखंड घडवणं वेगळं आणि त्याला पाणी देणं वेगळं. तापलेलं टोक पाण्यात बुडवायचं, काढायचं, परत बुडवायचं. कधी, किती, ते लोहार कुणाला सांगत नसे. त्याच्या बापानंही त्याला शेवटच्या वर्षीच सांगितलं होतं. थोरल्यानं आजवर फक्त पाठीमागून बघितलं होतं, आणि बघून जेवढं येतं तेवढंच त्याला आलं होतं. एक फाळ पहिल्याच तासाला दगडावर तुटला. दुसरा मेणासारखा वाकला. तळेवाला आपला फाळ घेऊन परत आला आणि सगळ्यांसमोर ऐरणीवर आपटून म्हणाला, "हा फाळ आहे की पापड?" लोक आता शहराच्या रस्त्यावरच्या वेल्डिंगवाल्याकडे वळायला लागले होते.

घरात थोरला गप्प असे. ताट हातात घेऊन दाराच्या चौकटीला टेकून उभ्यानं जेवायचा. चहाही उभ्यानंच. बाप ओसरीवर बसलेला असताना त्याच्या शेजारी तो एकदाही टेकला नाही.

"बघितलंस?" लोहार एकदा बायकोला म्हणाला. जीभ आता थोडी सैल झाली होती. "बापाशेजारी... बसायची... लाज वाटते त्याला."

"दमतो हो तो."

"दमलेला माणूस... बसतो. उभा राहत नाही."



तिसऱ्या आठवड्यात धाकटीनं सतरंजी गुंडाळली. "आजपासून व्यायाम भट्टीवर."

भात्याच्या चाकाच्या मुठीला तिनं सायकलची जुनी ट्यूब गुंडाळून ती जाड केली. लोहाराला स्टुलावर बसवलं, उजवा हात मुठीवर ठेवला, फडक्यानं सैलसा बांधला आणि डावा हात त्यावर ठेवायला लावला. "फिरवा."

बारा वेढ्यांत लोहाराला दरदरून घाम फुटला. कोळशानं नुसते डोळे उघडले आणि परत मिटले.

"इथे काम चाललंय की खेळ?" थोरला म्हणाला. "लोक खोळंबलेत."

"दहा मिनिटं दे, दादा."

"दहा मिनिटं, दहा मिनिटं. सगळं तुलाच द्यायचं."

धाकटी त्याच्याकडे बघत राहिली. दहा मिनिटं झाल्यावर तिनं आपण होऊन चाक आईच्या हातात दिलं.

पण वाटाण्यांना जे साधलं नव्हतं ते चाकाला साधलं. रोज चार-सहा वेढे वाढत गेले. पोटाशी जाळ, नाकात कोळशाचा वास, समोर लाल होणारं लोखंड. हाताला आपली जुनी वाट ओळखीची वाटत असावी. एक दिवस धाकटीनं फडकं सोडलं आणि लोहाराच्या ते दोन फेऱ्यांनंतर ध्यानात आलं. बोटं मुठीवर आपली आपण होती. चौथ्या आठवड्याच्या सुरुवातीला त्यानं एक अख्खा फाळ लाल होईपर्यंत जाळ धरून ठेवला. बायकोनं पदर तोंडाला लावला. "रडतेस काय," लोहार म्हणाला, "कोळसा घाल."

स्टुलावर बसून त्याला थोरला खालून दिसायचा. इतकी वर्षं तो समोरासमोर दिसला होता, घणाच्या पलीकडे. बापापेक्षा पोरगं वीतभर उंच होतं हे माहीत असून कधी जाणवलं नव्हतं. आता एकट्यानं हातोडा चालवताना तो ऐरणीवर विळ्यासारखा वाकायचा. घाव संपला की एक हात भिंतीवर. मग दुसरा हात गुडघ्यावर. मग सरळ. आणि उजवं पाऊल किंचित ओढायचा. लोहाराला पहिल्यांदा वाटलं, पोरगं आपली नक्कल करतंय.

त्या दिवशी थोरला फाळ बुडवायला पाण्याच्या हौदापाशी वाकला आणि वर आलाच नाही. सांडशी पाण्यात पडली. तो गुडघ्यांवर आला, मग हातांवर, आणि जनावरासारखा चार पायांवर तसाच थिजला. तोंडातून आवाज नाही. आई किंचाळली. तिला वाटलं, बापाचं झालं तेच लेकाचं झालं.

धाकटी अंगणातून धावत आली. गुडघे टेकून भावाच्या तोंडाकडे बघितलं. "दादा, नाव सांग आईचं. हात दाब माझा. दोन्ही." मग म्हणाली, "आई, ओरडू नकोस. झटका नाही. कंबर आहे."

कोळशाच्या रिकाम्या पोत्यांवर तिनं त्याला हळूहळू पालथं घातलं.

"पायात मुंग्या येतात?"

थोरल्यानं तोंड पोत्यात खुपसलं.

"दादा, मी विचारतेय."

"येतात."

"लघवीला, संडासला काही त्रास? तिथली जागा बधिर वाटते?"

"काय विचारतेस आई-बापासमोर!"

"वाटते का?"

"नाही."

तिनं श्वास सोडला. "बसता येत नाही ना तुला?"

मग थोरला पोत्यात तोंड खुपसूनच म्हणाला, "बसलो की उठता येत नाही. म्हणून बसत नाही."

लोहाराचा हात चाकावर थांबला.

"कधीपासून?"

"तू कॉलेजात गेलीस त्या साली सुरू झालं."

"आणि इतक्या वर्षांत एकदाही सांगितलं नाहीस? मी सुट्टीला यायचे, दादा. तुझ्यासमोर बसून पुस्तकं वाचायचे, कंबरेचीच."

"काय सांगू? जागा तुझ्यापायी गेली, आता कंबरही तुझ्यापायी गेली म्हणू?" त्याचा आवाज फाटला. "आणि मी बसलो असतो तर तुझ्या कॉलेजचा खर्च कोण चालवणार होतं?"

तिनं त्याचा सदरा वर सारला आणि मणक्यावरून अंगठा खाली आणायला सुरुवात केली. तिचे डोळे वाहत होते, अंगठा मात्र सरळ चालला होता.

त्या दुपारी तिनं सुतळी घेतली. थोरल्याला दोन माणसांच्या आधारानं ऐरणीशेजारी उभं केलं, हात खाली सोडून मूठ मिटायला लावली आणि मुठीपासून ऐरणीपर्यंत सुतळी धरली.

"चार बोटं," ती म्हणाली. "ऐरण बाबांच्या उंचीची आहे. याला चार बोटं वर हवी. दिवसाला हजार घाव, हजार वेळा चार बोटं जास्त वाकायचं. कुणाचीही मोडेल."

"हे कॉलेजात शिकवतात?" आईनं विचारलं.

"आमच्या कॉलेजला धड दवाखाना नव्हता, आई. पेशंटच यायचे नाहीत. मग आमचे सर आम्हाला शनिवारी दगडाच्या खाणीवर घेऊन जायचे, फुकट तपासायला. दोनशे तरी कंबरा बघितल्यात मी तिथे. सर म्हणायचे, नुसतं माणसाकडे बघू नका, तो ज्याच्यावर वाकतो त्याच्याकडे बघा."

लोहार स्टुलावरून म्हणाला, "ऐरण हलणार नाही."

"बाबा..."

"माझ्या बापानं बसवलीय. चाळीस वर्षं हललेली नाही. तुझ्या सरांना सांग, नाचता येईना अंगण वाकडं!"

सगळे त्याच्याकडे बघत राहिले. बायकोच आधी भानावर आली. "अहो," ती म्हणाली, "किती स्वच्छ बोललात!"

लोहाराच्याही तेव्हाच लक्षात आलं. पण रागावलेल्या माणसाला मध्येच खूष होता येत नाही, म्हणून तो काठी टेकत घरात गेला.

दुसऱ्या दिवशी त्याला पहाटेच जाग आली. थोरल्याच्या खोलीचं दार उघडं होतं. थोरला उठत होता. आधी कुशीवर. मग हातांचा टेकू. मग खाटेवरून गुडघे जमिनीवर, आणि खाटेची कड धरून इंच इंच वर. मध्ये एकदा तो थांबला आणि कपाळ खाटेला टेकवून राहिला. अंगावर चादर पांघरल्यासारखा घाम होता. एकदा बसल्यावर उभं राहायला आपल्याला किती यातायात करावी लागते ते लोहाराला गेला महिनाभर कळत होतं. पोरगं ती वर्षानुवर्षं करत होतं, आणि वर घण उचलत होतं.

तो तसाच माघारी वळला. भट्टीत गेला. ऐरणीचा ओंडका कंबरभर जमिनीत पुरलेला होता आणि भोवतालची माती घावांनी दगड झाली होती. लोहार तिथेच फतकल मारून बसला. कोपऱ्यातलं खुरपं त्यानं डाव्या हातानं उचललं, उजव्या हातात दिलं, बोटं डाव्या हातानं एकेक मिटवली आणि माती खरवडायला लागला.

उजाडल्यावर धाकटी आली तेव्हा त्यानं ताटलीएवढा खड्डा केला होता.

"किती म्हणालीस?" त्यानं मान वर न करता विचारलं.

"चार बोटं."

"कुणाची? माझी की तुझी?"

"दादाची."

"मग त्याला बोलव. आणि चार माणसं आण. मला एकट्याला हे झेपायचं नाही."

ओंडका निघाला. खाली चपटे दगड बसवले, ओळंबा लावला, माती ठोकली. ऐरण जागेवर आली तेव्हा लोहारानं तिच्यावर हात ठेवून बघितला. त्याला ती उंच वाटली, परक्या घरच्या ओट्यासारखी.

थोरल्याला धाकटीनं तीन आठवडे घणाला शिवू द्यायचं नाही असं ठरवलं होतं. सांडशी धरायची, तीही सरळ उभं राहून. मध्ये मध्ये पोत्यावर पालथं पडून छाती वर उचलायची. मग घण कोण घालणार? धाकटी म्हणाली, "ज्याचा फाळ, त्यानं घालावा." लोकांनी आधी तोंडं वाकडी केली. पण वेल्डिंगवाल्याकडे आता आठ-आठ दिवस नंबर लागत नव्हता, आणि पेरणी कुणासाठी थांबत नाही. आले. गमतीनं आले, आणि पाच घावांत गंमत संपली.

"काका, कंबर नको. गुडघे वाकवा," धाकटी तळेवाल्याला सांगत होती. "पाय फाकवा. अजून. घण अंगाजवळून वर न्या."

"आम्ही काय पोरं आहोत?" तळेवाला धापा टाकत म्हणाला.

"घाल रे सांगते तसा," लोहार चाकावरून म्हणाला. "नाहीतर उद्या तुलाही चोळायला लागेल."

लोक खदखदून हसले. तळेवाल्यानं गुडघे वाकवले.

फाळ घडला. थोरल्यानं तो परत भट्टीत घालून लाल केला, हौदाकडे नेला आणि थांबला. बापाकडे बघितलं. लोहारानं चाक बायकोकडे दिलं, काठी घेतली आणि हौदापाशी येऊन मुलाच्या शेजारी उभा राहिला.

"टोक बुडव. काढ. आता पाण्याकडे बघू नको, टोकाकडे बघ." तो हळू बोलत होता, पण शब्द मोडत नव्हते. "मागची धग पुढे येईल. आधी वाळल्या गवतासारखा पिवळा रंग येतो. येऊ दे. घाई नाही. आता तांबूस होतोय, दिसलं? याच्यामागे जांभळा, मग निळा. निळा आला की फाळ मऊ. निळ्याच्या आधी, जांभळा टोकाला टेकतो तेव्हा... आत्ता!"

पाणी फसफसलं.

"एवढंच?" थोरला म्हणाला.

"एवढंच."

"एवढं सांगायला इतकी वर्षं लागली?"

लोहारानं वाफेकडे बघितलं. "मरायला टेकल्यावर सांगणार होतो. रीतच तशी. आणि त्या दिवशी जीभ वळली ती कायमची वळली असती तर?" त्यानं काठीनं भट्टीकडे खूण केली. "पुढचा घे. आता मी बोलणार नाही. तू सांग."

पुढच्याला थोरला लवकर म्हणाला. त्याच्या पुढच्याला उशिरा. चौथा बरोबर आला. संध्याकाळी तो ओसरीवर आला तेव्हा धाकटीनं बापाचं उंच स्टूल भिंतीशी ठेवलं, पाठीशी उशी लावली. थोरला भीत भीत टेकला. ताट मांडीवर घेतलं. सगळे आपापल्या ताटात बघून जेवले, आणि आईनं त्याला विचारल्याशिवाय दोनदा वाढलं.

सहा आठवडे सरले. शहरातल्या दवाखान्याचा फोन आला होता: सोमवारी हजर व्हा, नाहीतर जागा भरू. धाकटीनं दोघांचेही व्यायाम कागदावर चित्रं काढून भिंतीला चिकटवले. दर रविवारी येईन म्हणाली. लोहार आता काठीनं आळीच्या टोकापर्यंत जाऊन येत होता. हातात हातोडा धरता येत होता, घाव मात्र बसत नव्हता. "बसेल का?" असं त्यानं एकदा विचारलं, आणि ती खोटं बोलली नव्हती. "पहिल्यासारखा नाही, बाबा. खुरपी, विळे होतील."

निघायच्या सकाळी जीप दारात उभी होती. धाकटीची पिशवी टपावर चढली होती. तेवढ्यात तळेवाला आला. हातात फाळ नव्हता. मागे त्याची बायको होती, डोक्यावरून पदर ओढून, उजवा हात पोटाशी धरून.

तळेवाल्यानं घसा खाकरला. इकडे तिकडे बघितलं. "हिचा हात वर होत नाही," तो म्हणाला. "चार महिने झाले. केस विंचरायचे तरी शेजारणीला बोलावते. म्हटलं, जाता जाता जरा..." पुढचं त्याला सुचेना.

"खांदा बघायला लागेल, काकू," धाकटी म्हणाली. "आत या."

घरात पाहुणे होते, म्हणून ती तिला भट्टीत घेऊन गेली. भट्टीत सहा-सात माणसं फाळ घेऊन बसली होती. बाईनं ती बघितली आणि उंबऱ्यावरच थांबली. पदर आणखी ओढला.

लोहार स्टुलावरून उठला. "चला रे, बाहेर."

"अरे पण माझा फाळ लाल..."

"होऊ दे काळा. बाहेर."

एकेक करून सगळे अंगणात आले. थोरलाही आला. लोहार शेवटी बाहेर पडला, त्यानं दाराची फळी ओढली आणि फळीला पाठ लावून उभा राहिला. आतून धाकटीचा आवाज येत होता. "दुखेल तिथे सांगा. नाही, हसू नका, खरंच सांगा. पाण्याची घागर कुठल्या बाजूला घेता?" आणि मग त्या बाईचा आवाज, आधी लाजत, मग सुटत सुटत, इतक्या दिवसांचं सगळं सांगत सुटलेला. तळेवाला मान खाली घालून ऐकत होता. त्यातलं बरंचसं त्याच्याही पहिल्यांदाच कानावर पडत असावं.

जीपवाल्यानं दोनदा भोंगा वाजवला. मग तोंड बाहेर काढून ओरडला, "अहो, निघायचं की नाही? मला पुढे पाच माणसं घ्यायचीत!"

लोहारानं काठी डाव्या हातातून उजव्या हातात घेतली आणि डावा हात वर केला.

"थांब जरा," तो म्हणाला. "आत काम चाललंय."